चौथा हात

तालमीच्या हौद्यात मला कुणी उतरू दिलं नाही,
म्हणून माती रणधीरनं आणली,
चिरमुऱ्यांच्या पिशवीत चार मुठी.
ताक, हळद, लिंबू, तेल मुरलेली,
आणि तीन वर्षं कुणी खोरं न मारलेली.
तातोबा वस्ताद कट्ट्यावरून म्हणाले,
"पोरी, मेलेल्या मातीत काय बघणार गं?"

केएमटीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन
सागरमाळापर्यंत गेले.
कंडक्टरनं विचारलं, कुंकू हाय काय?

ऐंशी अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं.
जे मरायचं होतं ते मेलं.
दुसऱ्या दिवशी थाळीत
सुरकुतलेल्या, कोरड्या, मळकट पांढऱ्या वसाहती.
बॅसिलस.
माती मेली नव्हती, निजली होती.

निजायचं कसं ठरवतो एक जीव,
ज्याला मेंदू नाही, घड्याळ नाही,
अंगाई म्हणायला कुणी नाही?
चार वर्षं मी एवढंच विचारते आहे.

भूक पडते.
एका प्रथिनाला ती कळते,
नेमकी कशावरून, हे अजून कुणाला धड सांगता येत नाही.
एटीपीकडून ते एक फॉस्फेट घेतं
आणि स्वतःच्याच अंगावर लावतं.
तिथं ते टिकत नाही. टिकायला आलेलंच नसतं.
पहिल्याकडून दुसऱ्याकडे,
दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे,
तिसऱ्याकडून चौथ्याच्या हातात.
सलामीसारखं: हात लागला, सुटला,
पण आता मागं फिरायचं नाही.

चौथ्याचं नाव स्पो-झिरो-ए.
हातात फॉस्फेट पडेपर्यंत तो एकटा, अवघडलेला.
पडलं की जोडी जमते,
जोडी डीएनएवर जाऊन बसते,
आणि तेच पुस्तक वेगळ्या पानावर उघडतं:
इकडची जनुकं गप्प,
तिकडची, आजवर तोंड न उघडलेली, बोलायला लागतात.

पण थोड्याशा फॉस्फेटनं कुणी निजत नाही.
आधी चिकट थर विणून बघतात.
आधी शेजाऱ्याला मारून खातात.
पुष्कळ साठलं, काहीच उरलं नाही,
तेव्हा कुठं बीजाणू.
शिवाय वाटेत चोर बसलेले,
हातातलं फॉस्फेट काढून घेणारे,
थांब की जरा, म्हणणारे.

मुजावर मॅडमनी 'चोर' खोडलं.
"फॉस्फेटेज लिही. आणि प्रथिनांना हात नसतात."

फॉस-टॅगच्या जेलमध्ये
ज्याच्यावर फॉस्फेट आहे ते मागं रेंगाळतं.
चार वर्षांचा पुरावा एवढाच:
एका पट्टीच्या वर दुसरी, फिकट.
नमुना तापला तर जाते.
उशीर झाला तर जाते.
सोमवारी लाईट गेली, तेव्हाही गेली.

तातोबा एकदा आले प्रयोगशाळेत.
पायताण दाराबाहेर काढलं, मी नको म्हणत असताना.
कानाची चुरगळलेली कुडी सांभाळत
सूक्ष्मदर्शकावर वाकले.
काळ्या कांडीच्या पोटात एक लखलखता दाणा.
बराच वेळ बघितलं.
"जागं कधी हुतंय हे?"
मी म्हटलं, खायला मिळालं की.
जागं व्हायला ती चार हातांची रांग लागत नाही,
नुसती चव पुरते.
"आणि न्हाईच मिळालं तर?"
वर्षानुवर्षं असंच.
ते काही बोलले नाहीत.
उरलेली माती मागून घेतली, त्याच पिशवीत.

काल रणधीरचा फोन.
म्हणाला, वस्तादांनी हौद्यात ताक ओतलं, दोन कळशा.
कुस्ती नाही, जोड नाही,
एक पोरगंसुद्धा नाही तालमीत.
खोरं हातात घेऊन एकटेच
माती वरखाली करत होते.

मी वहीत तारीख लिहिली.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं,
ते सुचलं नाही.